खांड बुजवा, तिवर राखा: खारबांध आणि उघाडीच्या दुरुस्तीचं काम कोणत्या क्रमाने करावं

पेण, अलिबाग, उरण, पनवेल या खारेपाटाच्या पट्ट्यातून दर पावसाळ्यानंतर एकच विचारणा येते: “बांध फुटून खांड पडली, शेतात खारं पाणी आलंय, पोकलेन कुठे मिळेल?” खरं तर पोकलेनची गरज शेवटी शेवटी लागते. पण तो आधी येतो, बांधाच्या खाडीकडच्या बाजूला उतरतो, तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, मुळांमधला चिखल उपसून बांधावर टाकतो आणि आठ दिवसांत बांध उभा राहतो. सगळे खूश होतात. पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि उधाण एकदम येतं तेव्हा बांधासमोर लाट मोडायला काहीच उरलेलं नसतं, आणि त्याच जागी खांड पडते, आधीपेक्षा रुंद.

खारबांध, उघाडी आणि समोरचा कांदळवनाचा पट्टा हे तीन वेगळे विषय नाहीत. तिवरं लाट मोडतात, बांध भरती थोपवतो, उघाडी, म्हणजे बांधातली झडप, पावसाचं पाणी बाहेर सोडते. यातलं एक मोडलं की उरलेली दोन फार दिवस टिकत नाहीत. पुढचे टप्पे याच समजुतीवर रचले आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मातीचा, दोन-तीन मीटर उंचीचा गावबांध आणि पंधरा-वीस मीटरपर्यंतची खांड एवढ्यापुरतं हे लिहिलं आहे. त्याहून मोठं भगदाड किंवा उघड्या समुद्रासमोरचा दगडी बंधारा असेल तर खारभूमी विभागाच्या अभियंत्याशिवाय हात लावू नका.

टप्पा १: आधी पाण्याची रेघ शोधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वर्तमानपत्रात “आज 4.8 मीटरची भरती” असं वाचून लोक म्हणतात, बांध पाच मीटर उंच हवा. हा आकडा तुमच्या शेताच्या जमिनीपासून मोजलेला नसतो. भरतीच्या कोष्टकातलं शून्य म्हणजे सागरी नकाशाचं शून्य, म्हणजे साधारणपणे ज्याच्याखाली ओहोटीचं पाणी क्वचितच उतरतं ती पातळी. मुंबई बंदरात सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. म्हणजे 4.8 मीटरची भरती सरासरी पातळीपेक्षा सुमारे 2.3 मीटर वर चढते. तुमच्या खाडीच्या टोकाला ती थोडी कमी किंवा जास्तही चढेल, कारण खाडी अरुंद होते, वळते, गाळाने भरते.

म्हणून कोष्टकावरून फक्त दिवस आणि वेळ ठरवा. उंची जागेवर मोजा.

एक जाड बांबू घ्या, त्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगाने खूण करा आणि खांडीपासून थोड्या अंतरावर, प्रवाहाचा धक्का बसणार नाही अशा जागी घट्ट रोवा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उधाण सर्वात मोठं असतं, त्या दिवशी पाणी कुठवर चढलं ते नोंदवा. निदान दोन उधाणं नोंदवा. मग गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन तीच पातळी बांधाच्या पक्क्या भागावर, उघाडीच्या भिंतीवर आणि शेताच्या सर्वात खोल खाचरात उतरवा. या तीन खुणांवर पुढचं सगळं काम चालेल.

थांबा: हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्यांपैकी मोठी भरती बहुधा रात्रीची असते, पावसाळ्यात दुपारची. डिसेंबरात दिवसा जाऊन खूण करून आलात तर ती खोटी निघेल. रात्री बारा-एकला टॉर्च घेऊन दोघांनी जायला हवं. एकट्याने जाऊ नये.

पाण्याची खरी रेघ तिवरांवरही दिसते. खोडावर एका उंचीपर्यंत वाळलेल्या चिखलाचा करडा थर असतो, त्याच्या वर साल स्वच्छ. ओळीने दहा झाडं बघा. ती करडी कड सगळ्यांवर एकाच पातळीत सापडेल, लेव्हल पाईप लावून काढल्यासारखी. बांबूवरची नोंद आणि ही कड जुळली तर मोजमाप बरोबर आहे असं समजा.

टप्पा २: खांडीच्या आत काय उगवलंय ते बघा

हा टप्पा लोक टाळतात, आणि पुढे काम अर्ध्यावर थांबतं ते याच कारणाने.

खांड पडून एखादाच पावसाळा झाला असेल तर आत चिखल, मीठ आणि कुजलेला पेंढा असतो, फार तर कुठेकुठे तिवराची बोटभर रोपं. पण खांड तीन-चार वर्षं उघडी राहिली की रोज भरती-ओहोटी आत-बाहेर करते, तिवराचं बी आत येतं आणि शेतात कांदळवन उभं राहतं. सातबारावर भातशेती लिहिलेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते कांदळवन होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली. जमीन कोणाच्या मालकीची आहे हे त्यात गौण ठरवलं आणि कांदळवनाच्या भोवती 50 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांत कांदळवनं सर्वात कडक संरक्षणाच्या गटात येतात.

ज्यांची पिढीजात जमीन अशी गेली त्यांचं दुःख मी जवळून पाहिलं आहे आणि त्यांचा राग रास्त आहे. खांड वेळेत बुजवली असती तर ही वेळ आली नसती. पण आता आत उभी असलेली तिवरं रात्रीत तोडून किंवा पाणी कोंडून मारून जमीन परत मिळत नाही. गुन्हा मात्र दाखल होतो, आणि गावाची पुढची प्रत्येक परवानगी संशयात अडकते.

म्हणून खांड पडल्याच्या आठवड्यातच तीन गोष्टी करा. तलाठ्याकडून पंचनामा, तारखेसह फोटो, आणि खारभूमी विभागाला ग्रामपंचायतीचं लेखी पत्र, पोच घेऊन. बांध त्या विभागाच्या योजनेत आहे की खाजगी, हे त्याच वेळी विचारून घ्या. आत रोपं दिसत असतील तर महसूल, खारभूमी आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष यांची संयुक्त पाहणी मागा. खाऱ्या पाण्याचा शिरकाव रोखण्याच्या कामांना सीआरझेडच्या नियमांत वाव आहे, पण प्रस्ताव योग्य प्राधिकरणाकडून गेला पाहिजे. पाहणीच्या आधी एकही फांदी मोडू नका.

तपासा: हातात गावनकाशा आहे का? त्यावर बांध, खांड, उघाडी, आतली तिवरं आणि बाहेरची तिवरं रंगाने दाखवली आहेत का? हा कागद नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: बांधाची रेषा ठरवा

खांडीतून पाणी आत-बाहेर करताना तळ खरवडला जातो आणि तिथे डोह तयार होतो. वरून पाणी शांत दिसतं. बांबू टाकून बघितलं तर कधी तीन, कधी चार मीटर लागतात. जुन्या रेषेवरच बांध हवा या हट्टाने त्या डोहात माती ओतत राहिलात तर ती विरघळून जाते. शंभर डंपर गेले तरी तळ दिसत नाही.

डोह खोल असेल तर त्याला वळसा घाला, आणि वळसा नेहमी शेताच्या बाजूने घाला. नालाच्या आकाराचा नवा तुकडा जुन्या बांधाच्या दोन्ही टोकांना जोडा. दोन-चार गुंठे जमीन बाहेर जाईल. ज्याची जाईल त्याच्याशी आधी बसून बोला, गावाने मिळून त्याची भरपाई ठरवा, आणि मगच दोरी मारा. खाडीच्या बाजूने वळसा घालणं कायद्याने अडतं आणि मातीतही फसतं, कारण बाहेरचा चिखल ओला, नरम आणि भार न पेलणारा असतो.

आत दाट कांदळवन असेल आणि संयुक्त पाहणीने ते राखायचं ठरवलं असेल, तर नवा बांध त्याच्या मागून, ठरवून दिलेलं अंतर सोडून जाईल आणि जुनी खांड उघडीच राहील. ती बुजवून आतल्या तिवरांना कोंडणं म्हणजे त्यांना मारणंच. तिवराच्या मुळांतून वर आलेली, पेन्सिलीसारखी उभी टोकं असतात ना, ती श्वास घेतात. ओहोटीला ती उघडी पडावी लागतात. पाणी साचून ती बुडालेली राहिली किंवा चिखलाखाली गाडली गेली तर झाड आतून गुदमरतं.

टप्पा ४: चिखल कुठून घ्यायचा

नियम एकच आहे: बाहेरून नाही. आमच्याकडे एका गावात ठेकेदाराने बांधाच्या खाडीकडच्या पायथ्याशी लांबलचक चर मारून माती काढली. तिवरं त्याने तोडली नव्हती, फक्त त्यांच्या पायाशी यंत्र फिरवलं आणि उरलेला गाळ मुळांवर पसरला. दिवाळीपर्यंत पानं पिवळी पडली, शिमग्यापर्यंत पट्टा वाळला. त्या चरात ओहोटीचं पाणी धावायला लागलं आणि त्याने बांधाचा पायथा बाहेरून कापला. बांध झोपला.

माती शेताच्या बाजूने घ्या. पायथ्यापासून बांधाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. दोन मीटरचा बांध असेल तर चार मीटर, आणि जमीन नरम वाटत असेल तर त्याहून जास्त. सलग चर काढू नका, सुटे सुटे खड्डे काढा आणि मध्ये न खणलेल्या जमिनीच्या पट्ट्या सोडा. सलग चर पडला की पाणी बांधाला समांतर वाहतं आणि आतूनही पायथा खातं.

हे खड्डे पुढे वाया जात नाहीत. त्यांत पावसाचं पाणी साठतं, जिताडा मासा सोडता येतो, हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि जोराच्या पावसात खाचरांतलं पाणी काही तास तिथे थांबतं. गोव्याच्या खाजन शेतीत मानशीच्या, म्हणजे तिथल्या उघाडीच्या, आतल्या बाजूला पोंय, म्हणजे पाण्याचा डोह, राखतात ते याच कामासाठी.

माती कशी ओळखायची? मुठीत दाबून गोळा करा, तळहातावर वळून पेन्सिलीएवढी वळी करा. वळी न तुटता वाकली तर चिखल बांधाला योग्य. तुटली तर त्यात रेती जास्त आहे, ती बांधाच्या पोटात घालू नका. मुरूम वरच्या चालण्याच्या पट्ट्यासाठी ठीक आहे, पोटात नको. त्यातून पाणी झिरपतं.

टप्पा ५: खांडीआधी उघाडी

बहुतेक गावं खांड आधी बुजवतात आणि उघाडीकडे मग बघू म्हणतात. हे उलटं आहे. उघाडी चालू असेल तर खांड बुजवताना काही पाणी तिथून जातं आणि खांडीवरचा जोर कमी होतो. शिवाय उघाडी बिघडलेली ठेवून बांध पूर्ण केलात तर जूनचा पहिला मोठा पाऊस शेतातच अडतो. मग रात्री कोणीतरी वैतागून बांध फोडतो, आणि नवी खांड पडते ती अशी माणसाच्या हाताने.

उघाडीचं काम साधं आहे. झडप वरच्या बाजूला बिजागरीवर लोंबते आणि खाडीच्या दिशेने उघडते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. माणसाची गरज नाही, म्हणूनच छोट्या दोषाकडे वर्षभर कोणाचं लक्ष जात नाही.

झडपा किती लागतील याचा हिशेब करून बघा. लाभक्षेत्र 100 एकर, म्हणजे 40 हेक्टर धरू. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 40,000 घनमीटर पाणी होतं. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असते तेवढाच वेळ झडप उघडी राहते, दोन्ही ओहोट्या मिळून दिवसाला साधारण 10 तास धरा. म्हणजे तासाला 4,000 घनमीटर, सेकंदाला सुमारे 1.1 घनमीटर पाणी जायला हवं. एक मीटर रुंद, एक मीटर उंच झडपेतून, आत-बाहेर 15 सेंटिमीटरचा फरक असेल तर सेकंदाला जेमतेम 1 घनमीटर जातं. रायगडात दिवसाला 200 मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. तेव्हा या क्षेत्राला दोन झडपा हव्यात, आणि एखादी अडकली तर हाताशी असावी म्हणून तिसरी. डोंगराकडून येणारा ओढा याच क्षेत्रात उतरत असेल तर त्याचं पाणी वेगळं धरा. ते विसरलं की सगळा हिशेब कोलमडतो.

जागेवर हे बघा:

उंबरठ्याची पातळी. झडपेचा तळ शेतातल्या मुख्य नाल्याच्या तळाएवढा असावा. एका ठिकाणी नवी काँक्रीटची उघाडी देखणी बांधली, पण उंबरठा नाल्यापेक्षा हातभर वर. चार वर्षं त्या गावाच्या खोल खाचरांत पाणी तुंबलं आणि लावणी कुजली. दोष कोणी उघाडीला दिलाच नाही, सगळे पावसाला बोलत राहिले.

झडपेची कड. रबर लावलेलं असलं तरी त्यावर कालवं आणि शंखाळी बसतात. बोट फिरवून बघा, खडबडीत लागलं तर खरवडा. भात रोपात असताना बोटभर फटीतून रात्रभर आलेलं खारं पाणीही पुरेसं नुकसान करतं.

भिंत आणि चिखल यांचा सांधा. काँक्रीट किंवा दगडी भिंतीला चिखल चिकटून बसत नाही. पाणी त्या सांध्यातून वाट काढतं. भिंतीपासून आडव्या पंखभिंती चिखलात आत शिरलेल्या हव्यात आणि तिथला चिखल हाताने, थोडा थोडा करून ठासलेला हवा. यंत्राने नाही.

बाहेरचा नाला. उघाडीपासून खाडीपर्यंतची पाण्याची वाट तिवरांमधून वळणावळणाने जाते. ती सरळ करायचा मोह आवरा. सरळ केली की पाणी जोरात धावतं, काठ ढासळतात आणि दोन्ही बाजूंची झाडं पडतात. गाळ साचला असेल तर परवानगी घेऊन, ओहोटीला, माणसांकडून, फक्त वाटेच्या रुंदीत काढा आणि तो गाळ पाट्यांनी आत आणा. तो बांधाला कामाचा आहे, बाहेर तिवरांच्या मुळांवर टाकला तर विष आहे.

टप्पा ६: खांड बुजवणे, भांगाच्या दिवसांतच

उधाण ओसरून अष्टमीच्या पुढे भरती-ओहोटीचा फरक सर्वात कमी होतो, तो भांग. नवमी-दशमीच्या आसपासचे दोन-तीन दिवस हाताशी धरा. भरतीची वेळ काढायला आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. दशमीला साडेसात. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, तो बांबूवर बघून ठेवा. ओहोटीचे मधले तीन-चार तास एवढाच तुमचा कामाचा वेळ.

मग हा क्रम पाळा.

पहिलं, खांडीची दोन्ही तोंडं बांधा. तुटलेल्या टोकांना लाकडी मेखा ठोका, चिखलाने भरलेल्या गोणी रचा, म्हणजे काम चालू असताना खांड रुंद होणार नाही.

दुसरं, तळ उचला. ही सगळ्यात मोठी चूक सांगतो. लोक दोन्ही बाजूंनी माती टाकत मध्यावर भेटायला जातात. फट अरुंद होते तसा पाण्याचा वेग वाढतो, तळ खरवडला जातो आणि शेवटचे दोन मीटर काही केल्या भरत नाहीत. त्याऐवजी खांडीच्या पूर्ण रुंदीवर आडवा थर द्या. मेखांच्या दोन ओळी, त्यांना बांबूची आडवी बांधणी, मध्ये पेंढा आणि गोणी. दर ओहोटीला सगळीकडून सारखा हातभर चढा. मधल्या भरतीत पाणी वरून वाहील, वाहू द्या. पसरून वाहतं म्हणून वेग कमी असतो.

तिसरं, थर भांगाच्या भरतीच्या वर आला की एका ओहोटीत, जास्तीत जास्त माणसं लावून, वरचा चिखलाचा पहिला पट्टा पूर्ण करा. हे काम अर्धवट सोडून जेवायला जाता येत नाही.

थांबा: ताकद कमी वाटली तर सुरुवातच करू नका, पुढच्या भांगासाठी थांबा. पंधरा दिवसांचा उशीर परवडतो. अर्धी बुजवलेली खांड उधाणात सापडली तर डोह दुप्पट होतो.

गोणीत रेती भरू नका, चिखल भरा. प्लॅस्टिकच्या गोणी उन्हाने फाटून खाडीत जातात, म्हणून त्या चिखलाच्या पोटात राहतील, बाहेर उघड्या नाहीत, असं बघा.

टप्पा ७: बांध उंचावणे

आता यंत्र चालेल, पण बांधाच्या माथ्यावरून, लांब हाताचं, आणि आतल्या बाजूने. खाडीकडे त्याचा पट्टा उतरता कामा नये.

खाडीकडचा उतार लवता ठेवा, एकास तीन, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं अंतर. शेताकडचा एकास दोन चालतो. माथा निदान दोन मीटर, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला बैलगाडी किंवा छोटा ट्रॅक्टर जाईल. उंची तुम्ही मोजलेल्या मोठ्या उधाणाच्या रेघेपेक्षा पाऊण ते एक मीटर वर. त्यावर दबण्यासाठी थोडी जास्त धरा, ओला चिखल सुकताना आणि खाली रुतताना बसतोच.

घाई मात्र करू नका. खाडीकाठची जमीन ताज्या लोण्यासारखी असते. एका आठवड्यात दोन मीटर ढीग चढवला तर तो खाली जातो आणि बाजूची जमीन फुगून वर येते. हातभर थर द्या, पायांनी तुडवा, वरची भेग बोटाएवढी होईपर्यंत वाळू द्या, भेगांवर पाणी शिंपडून पुढचा थर द्या. जुन्या बांधाला जोडताना त्याची वरची कोरडी साल खरवडून पायऱ्या काढा, नाहीतर नवा थर जुन्यावरून घसरतो.

माथ्यावर झाडं लावू नका. मुळं कुजली की तिथून पाणी जातं. गवत येऊ द्या.

खेकड्यांची बिळं हा वेगळा विषय आहे. ती आहेत म्हणून घाबरायचं नाही, पण बांधाच्या आरपार गेलेलं बीळ शोधायला हवं. भरतीच्या वेळी शेताकडच्या उतारावर चालत जा. कुठे ओल दिसेल तिथे गुडघे टेकून बघा. झिरपणारं पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल, आणि तोंडाशी वाटीभर बारीक चिखलाचा उंचवटा जमत असेल, तर बांध आतून वाहून चालला आहे. त्याच ओहोटीला खाडीकडून तोंड उकरा आणि चिखल ठासा. औषध टाकून खेकडे मारू नका, ते विष उघाडीतून थेट तिवरांत आणि मासळीत जातं.

टप्पा ८: मे महिन्यातली चाचणी

काम 15 मेपर्यंत संपवा, म्हणजे पावसाआधी एक मोठं उधाण बांधाला बघायला मिळतं. त्या भरतीला चार माणसं चार ठिकाणी उभी करा: दोन्ही सांधे, उघाडी आणि वळशाचा मध्य. भरतीआधी तास आणि नंतर तास. मोबाईलवर वेळेसह फोटो काढा.

उघाडीची चाचणी वेगळी. भरती चढत असताना आत उभं राहून झडपेच्या कडेला कान द्या. बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर फट आहे. ओहोटीला झडप पूर्ण उचलते का, की बिजागरी गंजून अर्ध्यावर अडते, तेही बघा.

तपासा: झडपेत लाकूड किंवा दगड अडकवून ठेवलेला नाही ना? मासळी आत यावी म्हणून कोणी कोणी रात्री हे करतं. भांडून ते थांबत नाही. मासळीवाल्यांना गावबैठकीत बसवा, कोणत्या महिन्यात, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली झडप उचलायची हे ठरवा आणि भाताच्या महिन्यांत पूर्ण बंदी ठेवा. गोव्यात कापणीनंतर खाजनात खारं पाणी घ्यायची रीत आहे, पण ती तिथल्या मातीची, तिथल्या साधारण दोन मीटरच्या भरतीची आणि मानशीवर नेमलेल्या माणसाची आहे. आपल्याकडे ती तशीच उचलू नये.

टप्पा ९: पहिला पावसाळा

खारं पाणी बसलेल्या शेतात लगेच नांगर घालू नका. पहिला जोराचा पाऊस खाचरात बांध घालून दोन-तीन दिवस धरा, मीठ विरघळू द्या, मग ओहोटीला सोडा. असं तीन-चार वेळा करा. लावणीआधी पाणी चाखून बघणारे जाणते अजून गावोगाव आहेत. त्यांना विचारा, आणि सोबत मातीचा नमुना तपासायला द्या. विद्युतवाहकता (मातीतल्या मिठाचं माप) 4 डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या वर आली तर साधं बियाणं टाकू नका. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल नावाच्या भातजाती किंवा घरचं खाऱ्याला टिकणारं राता भात लावा. पहिल्या वर्षी उतारा कमी येईल, ते धरूनच चला.

उघाडीवर एका माणसाची नेमणूक करा आणि त्याला मेहनताना द्या. वर्गणीतून, एकरी ठरवून. फुकटचं काम दुसऱ्या महिन्यात कोणी करत नाही.

टप्पा १०: तिवरांची पाहणी

बांध झाला की कोणी तिकडे वळून बघत नाही, म्हणून हा टप्पा लिहिला. बांधासमोरच्या पट्ट्यातली वीस झाडं निवडा, त्यांना रंगीत नायलॉनचा धागा सैल बांधा आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून फोटो घ्या. श्वसनमुळांची टोकं ओहोटीला चिखलाच्या वर दिसतात का? पानं पिवळी पडली का? दोन उधाणांच्या मधे मुळाशी पाणी साचून राहतं का? साचत असेल तर कामाच्या वेळी कुठेतरी बाहेरची वाट बुजली आहे. ती शोधून हाताने मोकळी करा.

पट्टा विरळ असेल तर लगेच रोपं लावायला धावू नका. तिवराचं बी पावसाळ्यात पाण्यावर तरंगत येतं आणि पातळी योग्य असेल तिथे आपोआप रुजतं. दोन पावसाळ्यांत रुजलं नाही तरच कांदळवन कक्षाला बोलवा. आणि बाहेरचा उघडा चिखलाचा सपाट पट्टा मोकळा म्हणून त्यावर लागवड करू नका. तिथे ओहोटीला शिंपल्या वेचणाऱ्या बायका असतात, हिवाळ्यात चिखल टोचणारे पक्षी असतात, आणि पाणी फार वेळ उभं राहत असल्याने तिवर तिथे जगतही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या नवमीला, भांगाच्या ओहोटीत, टप्पा १ मधला तो बांबू पुन्हा रोवा आणि बांधाची उंची मोजा. दहा-वीस सेंटिमीटर बसलेला असेल. तेवढा थर त्याच खड्ड्यांतल्या मातीने, त्याच हिवाळ्यात द्या.